आधी पडून दाखवा

कोयनेच्या फुगवट्यावर पायडल मारत चालवायच्या कयाक होडीसाठी रांग लागली होती. शकिलाच्या पुढं निवृत्त फौजी सयाजीराव आणि त्यांची बायको विजयमाला उभी होती. नावाडी रिजवान सगळ्यांना एकच अट सांगत होता.

“काठाजवळ मुद्दाम पडायचं आन् परत चढायचं. जमलं तरच आत सोडणार.”

“आरं, फौजेत होतो मी. मी कशाला पडतोय?”

“ठरवून कोण पडतंय, काका? जाकीट आवळा.”

“मी दावतो चढून. हिला न्हाई जमायचं, ही बसंल काठावर.”

“आवं, तुमी चढा तरी आधी.”

सयाजीराव पडले आणि कयाकच्या टोकाला लोंबकळले. कयाक त्यांच्याच अंगावर उलटली. दुसऱ्यांदाही तेच.

“टोक सोडा काका. मधनं या. पाय झाडा, पोट आडवं टाका, मग वळा.”

“फौजेत आसं नव्हतं.”

मग विजयमाला पडली. पोटावर आडवी होऊन वळली, बसली आणि पायडलवर पाय ठेवले.

“मावशी, कुठं शिकला?” मागनं शकिलानं विचारलं.

“म्हायेरी म्हशी धुवाया नदीत न्यायचो. म्हशीवर काय शेपटाकडनं चढत्यात व्हय?”

“आगं, मलाबी घे की.”

“एकाचीच हाय ही. बसा काठावर. माज्या चपला तेवढ्या सांभाळा.”