लाल पिकअपचे मागचे दिवे

जबाब, बुधवार दि. १५ ऑक्टोबर, सकाळी ११.२० वा.

नाव फाबियाना काल्मो माटियास, वय ४४ वर्षे, धंदा पिकअपमधून प्रवासी व माल वाहतूक, राहणार ला व्हेंतोसा वस्ती, सान लुकास कुम्ब्रे, जिल्हा वेवेतेनांगो, ग्वाटेमाला.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी आई व दोन मुलींसह राहते. माझ्या नावावर १९९३ सालचा लाल पिकअप आहे. आमच्या वस्तीवर बस येत नाही. बाजार, शाळा, दवाखाना हे सगळे त्याच पिकअपच्या मागे उभे राहून होते. काल मागे किती माणसे होती असे सब-इन्स्पेक्टर साहेबांनी विचारले. जेवढी बाजारातून घरी निघाली होती तेवढी होती.

गाडीला एलईडी दिवे मी मार्च महिन्यात बसवले. पुढचे, मागचे, ब्रेकचे, सिग्नलचे, सगळे बदलले. माझ्या हाताने बदलले. आमचा रस्ता दगडगोट्यांचा आहे. हादऱ्यांनी साध्या बल्बची तार तुटते, महिन्याला दोन-दोन बल्ब जात. एलईडीत तार नसते. मार्चपासून एकही गेला नाही. चरात गेलेल्या बसचे ड्रायव्हर रिगोबेर्तो तेल्यो काल ठाण्यात सर्वांसमोर म्हणाले, "बाईला जत्रेसारखी रोषणाई हवी, आणि आम्ही खड्ड्यात जायचं." तेही लिहून घ्यावे.

काल मंगळवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास मी बाजारातून परत निघाले होते. चढावर धुके होते. माझे सर्व दिवे चालू होते. मागून तेल्यो यांची बस आली, तिचे दिवे बंद होते. ते हॉर्न वाजवत होते. आमच्याकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, आणि घाटात पुढच्या गाडीने डावा सिग्नल दिला की त्याचा अर्थ "समोर मोकळं आहे, निघा" असा घेतात. कायद्यात तसे नाही हे मला माहीत आहे. साहेबांनाही माहीत आहे, आणि घाटात तेही तसेच करतात.

चढ संपता संपता मागे उभ्या असलेल्या मार्सेलिना आजींनी केबिनच्या टपावर दोन थापा मारल्या, म्हणजे त्यांना उतरायचे होते. मी उजवा सिग्नल दिला व वेग कमी केला. तेवढ्यात बस डावीकडून पुढे निघाली. समोरून बटाट्यांचा ट्रक आला. तेल्यो यांनी बस आणखी डावीकडे वळवली आणि ती चरात गेली. तीन प्रवाशांना लागले. बसचा कंडक्टर नेरी याचे खांद्याचे हाड मोडले. त्याला माझ्याच पिकअपमधून दवाखान्यात नेले. वाटेत तो मलाच शिव्या देत होता.

तेल्यो यांचे म्हणणे की मी डावा सिग्नल दिला. मी म्हटले, हे खोटे आहे. मी ते मोठ्याने म्हटले, बाहेर ऐकू गेले. "गाडी तुमच्या आवारात उभी आहे, लावून बघा," असे मीच म्हटले. आज सकाळी आवारात सर्वांसमोर मी उजवा सिग्नल लावला. दोन्ही बाजू लुकलुकल्या.

साहेबांनी इलेक्ट्रिशियन एवेलियो यांना बोलावले. त्यांनी समजावले की एलईडीला वीज फार कमी लागते. माझ्या गाडीत आतल्या बाजूला डाव्या-उजव्या सिग्नलला मिळून एकच हिरवा दिवा आहे. त्या हिरव्या दिव्यातून वीज पलीकडच्या बाजूला जाते. जुन्या बल्बना ती पुरत नसे, एलईडीला पुरते. मी आत बसते, मला बाहेरचे दिसत नाही. मार्सेलिना आजी साक्षीला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, ते तर मार्चपासून तसंच आहे. आम्हाला वाटलं, तू मुद्दाम करून घेतलंस. छान दिसतं." मी विचारले, सात महिन्यांत एकालाही मला सांगावेसे वाटले नाही का. त्या म्हणाल्या, "छान दिसतंय त्याला कोण कशाला नावं ठेवील?" मला लाज वाटली.

दोन्ही बाजू लुकलुकल्या तर त्याचा अर्थ सावध राहा असा होतो, निघा असा होत नाही. तरी तेल्यो म्हणतात की त्यांना डावाच दिसला. ते खरे बोलत आहेत. मागच्या बम्परवर उजव्या कोपऱ्याला आमच्या वस्तीवरचा आंद्रेस मेंदोसा पायाशी पोते घेऊन उभा होता, उजवा दिवा त्या पोत्यामागे झाकला होता. हे मला कोणी विचारलेले नाही. मी सांगते आहे.

सब-इन्स्पेक्टर साहेब स्वभावाने चांगले आहेत. त्यांनी मला कॉफी दिली आणि म्हणाले, "फाबियानाबाई, कशाला वाढवताय? 'दाट धुक्यामुळे' असं लिहितो. तुम्ही सही करा, तेल्यो सही करेल. तेवढे ते एलईडी काढून जुने बल्ब लावा आणि संध्याकाळी गाडी घेऊन जा." तेल्यो लगेच कबूल झाले. मी कबूल नाही.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत, सकाळी दहा वाजता, त्याच चढावर माझे पती देसिदेरियो पाब्लो गाडीच्या मागे उभे होते. मागच्या दिव्याची तार तुटली होती, ते बल्ब बदलत होते. मागून ट्रक आला. नवा बल्ब त्यांच्या हातातच होता. तो फुटला नाही, घरी आहे. तेव्हाचा जबाब याच टेबलावर झाला. कारण म्हणून त्यात "दाट धुक्यामुळे" असे लिहिले आहे, आणि खाली माझी सही आहे. तेव्हाही मला कॉफी दिली होती.

धुके आमच्याकडे रोज असते. ते गाडी चालवत नाही आणि त्याला कोणी लायसन्स दिलेले नाही. काल माझ्या सिग्नलची जोडणी चुकीची होती आणि माझा दिवा पोत्याने झाकला होता. तेल्यो यांची बस धुक्यात दिवे न लावता, समोरचे न बघता पुढे निघाली. एवढे लिहावे. माझे लायसन्स महिनाभर जाईल असे साहेबांनी सांगितले. जाऊ दे. वस्तीचे कसे होणार असेही त्यांनी विचारले. वस्ती चालत येईल. मार्सेलिना आजींनी मला बाहेर शिव्या घातल्या आहेत आणि नंतर चपलेचा पट्टा घट्ट करून घेतला आहे.

सिग्नल एवेलियो दुरुस्त करतील. मागचे दिवे मी काढणार नाही. काढायला कोणी आले तर मी गाडीच्या मागे उभी राहीन.

हा जबाब मला आमच्या माम भाषेत समजावून वाचून दाखवण्यात आला. वाचताना "दाट धुक्यामुळे" हे शब्द शेवटी पुन्हा आलेले आढळले. ते मी माझ्यासमोर खोडायला लावले आणि खोडलेल्या जागेवर वेगळी सही केली. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे.