खालांना मारलेली हाक

आज मी हिब्रू आणि अरबी शिकवते, पण ह्या भाषा शिकायला परदेशी विद्यापीठात गेले तेव्हा पहिल्याच महिन्यात मी सोलापूरला फोन करून आईला सांगितलं होतं, "मला जमंना, मी परत येते." उजवीकडून डावीकडं वाचताना माझी ओळच हरवायची, आणि वर्गातली बाकीची मुलं भराभर वाचायची.

आई म्हणाली, "ये की. पण एवढा आठवडा काढ."

त्याच आठवड्यात अरबीच्या बाईंनी फळ्यावर एक शब्द लिहिला आणि एकेकाला वाचायला उभं केलं. त्यातला घशातून घासत येणारा ख कुणालाच जमेना. कुणी साधा क म्हणायचं, कुणी नुसतं खाकरायचं. माझी पाळी आली. मी अक्षरं जुळवली आणि वाचलं, "ख़ाला."

बाई म्हणाल्या, "अगदी बरोबर. खाला म्हणजे मावशी. कुणी शिकवलं तुला?"

आई चिंचोळीच्या कारखान्यात कामाला जायची, तेव्हा मला शेजारच्या शमीम खालांनीच सांभाळलं होतं. भूक लागली, पडले, भ्याले, की मी हाच शब्द ओरडायचे.

संध्याकाळी आईला फोन केला, "एवढ्यात येत नाही मी," असं सांगितलं आणि फोन खालांकडं द्यायला लावला. त्यांना सगळं सांगून म्हटलं, "खाला, हे तुम्ही शिकवलंत."

त्या म्हणाल्या, "मैं कुछ नै सिखाई, बेटा. तू पुकारती थी, मैं ओ देती थी, इत्ताच."