पुसायची वेगळी, लिहायची वेगळी

सरोज : ...म्हणजे तू माझा लॅपटॉप मारलास.

मैथिली : आई, मारला नाही हो! पुसला. तोही नाही, त्यातली ती एक चिप.

सरोज : कोणती? जिला चिमटा लावून बसलीयस ती?

मैथिली : हो. लॅपटॉपने चालू कसं व्हायचं, ते तिच्यात लिहिलेलं असतं.

सरोज : असायचं. संध्याकाळी माझी जर्मनची परीक्षा आहे आणि ती नोंदवलेल्या लॅपटॉपवरच देता येते. सकाळी सून म्हणाली, "आई, फक्त वाचून बघते."

मैथिली : वाचलंच ना आधी! दोनदा. दोन्ही प्रती तंतोतंत जुळल्या, माझ्याकडे जपून ठेवल्यात. पण आई, ही चिप आमच्या चिप वाचायच्या-लिहायच्या सॉफ्टवेअरला माहीतच नाहीये! जगभरची माणसं मिळून फुकट बनवतात ते, शेकडो चिप ओळखतं आणि डोंबिवलीतली ही एक नाही. म्हणून मीच तिची भर घालत होते. मी 'तू कोण' विचारलं, तिने नंबर सांगितला. कसलं भारी वाटलेलं! मग 'पूस' म्हटलं, लगेच पुसलं!

सरोज : मग 'लिही' म्हटलंस.

मैथिली : लिहीत नाही. एरर नाही, काही नाही. बघावं तर कोरी.

सरोज : नकारही देत नाही?

मैथिली : नाही हो. गप्प.

सरोज : मग अर्जात काहीतरी कमी आहे.

मैथिली : आई, हे तुमचं ऑफिस नाही.

सरोज : अगं, जन्म गेला माझा परवाना खात्यात. परवानगीशिवाय आलेल्या कागदाला आम्ही कधी नाही म्हटलं नाही. नाही म्हटलं की कारण लेखी द्यावं लागतं. आम्ही नुसतं काही करायचो नाही. हिला परवानगी लागते का?

मैथिली : लागते ना. 'राइट इनेबल' कमांड. पाठवलीय मी, सुरुवातीलाच.

सरोज : कशाच्या आधी?

मैथिली : पुसायच्या.

सरोज : ती पुसायची झाली. वापरून संपली. लिहायची कुठाय?

मैथिली : तसं नसतं हो, एकदा दिली की... थांबा. थांबा हं. चिपच्या माहितीपत्रकात बघते... "प्रत्येक काम संपल्यावर परवानगी आपोआप रद्द होते." आई!

सरोज : शहाणी आहे चिप.

मैथिली : म्हणजे लिहितानाही प्रत्येक पानाला नव्याने द्यायची! हजारो पानं आहेत!

सरोज : मग दे. आमच्याकडे पानोपानी सही लागायची. कोणी मेलं नाही. वेळ गेला.

मैथिली : घातली... चालवते... प्रत्येक पानानंतर ती 'कामात आहे' म्हणते, तोवर थांबायचं.

सरोज : हे मला पाठ आहे.

मैथिली : लिहितेय! आई, लिहितेय ती! आता पडताळणी... जुळलं! सगळंच्या सगळं जुळलं! चिमटा काढला. बटण तुम्हीच दाबा!

सरोज : पंखा फिरला... आला गं! अगं मैथिली, आला!

(दोघी एकमेकींना टाळी देतात, बहुधा लग्नानंतर पहिल्यांदाच.)

मैथिली : बसा आता परीक्षेला. मी हे त्या सॉफ्टवेअरच्या लोकांना पाठवते. चूक कोणी शोधली तेही लिहायची पद्धत आहे तिथे. तुमचं नाव टाकते. हुद्दा काय लिहू?

सरोज : बाकीचे काय लिहितात?

मैथिली : नुसतं नाव.

सरोज : मग नुसतं नाव लिही. 'सेवानिवृत्त' नको.