तराफा गेल्यानंतरचा आवाज

सासरे : पहाटे चारच्या सुमारास जहाज बुडालं. एवढं आपल्या भाषेत कळलं. पुढचं सगळं या फोनात आहे आणि ते इंग्रजीत आहे. म्हणून तुमचं दार वाजवलं, बाई.

बाई : आत या. दोघंही बसा. सकाळी बातमी ऐकली आणि मी वर्ग सोडून दिला. तुम्ही वडील ना त्याचे? खलाशांच्या इंग्रजीच्या वर्गात त्याचं नाव घालायला तुम्हीच आला होतात.

सासरे : मीच. आणि ही सून. त्याची बायको.

सून : बाई, हे रेकॉर्डिंग कंपनीच्या साहेबांनी पाठवलंय. जहाजावरून रेडिओवर शेवटपर्यंत जो बोलत होता, त्याचा आवाज. ते म्हणतात, त्या वेळी रेडिओवर दोघांपैकीच कुणीतरी असणार. हा, नाहीतर उंच.

बाई : उंच म्हणजे दारातून वाकून यायचा तो?

सून : तोच. दोघं एकाच जहाजावर अधिकारी. उंचच्या आईलाही हेच पाठवलंय. आवाज कुणाचा ते दुपारच्या आत कळवा म्हणाले.

बाई : काही माणसं वाचली असं ऐकलं.

सून : एक तराफा मिळाला. तो फुगवायचा असतो ना, तसला. त्यातल्या माणसांना एका मालवाहू जहाजाने उचललं. नावं आलेली नाहीत. त्या जहाजाशी संपर्क लागतो आणि तुटतो म्हणे.

सासरे : माझा मुलगा त्या तराफ्यात आहे. ते मला ठाऊक आहे. तुमच्याकडे फक्त शिक्का मारून घ्यायला आलोय.

बाई : लाव गं ते. आवाज पूर्ण मोठा कर. मी खिडकी लावते.

(फोनवर खरखर. एका पुरुषाचा आवाज, इंग्रजीत, संथ. मजकूर संपतो. शांतता. मग तोच मजकूर त्याच गतीने पुन्हा. असं चार वेळा. मग नुसती खरखर.)

सासरे : संपलं. एवढंच आहे.

बाई : हं.

सून : काय म्हणतोय तो?

बाई : आधी संकटाची हाक, तीन वेळा. मग जहाजाचं नाव, तेही तीन वेळा. मग समुद्रात जहाज नेमकं कुठे आहे, त्याचे आकडे. एकेक आकडा सुटा. मग, जहाज बुडतंय. मग, मदत हवी. हा क्रम ठरलेला असतो. जगभर सगळे खलाशी याच क्रमाने बोलतात.

सून : प्रत्येक वेळी तेच?

बाई : पहिल्या तीन वेळा तेच. चौथ्या वेळी शेवटी दोन-तीन वाक्यं जास्त आहेत.

सासरे : कोणती?

बाई : तराफा सुटला. जहाजावर दोन माणसं उरली. कप्तान आणि मी.

सासरे : ऐकलंस ना? तराफा सुटला. हा बोलणारा मागे राहिलेला आहे. म्हणजे दुसरा तराफ्यात. सोपं गणित आहे.

सून : बाबा, हळू.

सासरे : हळू काय? पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच म्हटलं मी, हा आपला नव्हे. तूही म्हणालीस.

सून : मी म्हटलं, मला ओळखू येत नाही.

सासरे : बायकोला ओळखू येत नाही म्हणजे नवऱ्याचा नाही. बाई, तुम्हीच सांगा, बापाला पोराचा आवाज कळणार नाही?

बाई : रेडिओवर आवाज बदलतो. खरखर असते.

सासरे : खरखर जाऊ द्या हो चुलीत. बोलणं बघा त्याचं. घडाघडा. नदीला उतार मिळाल्यासारखं. जहाज बुडतंय आणि पठ्ठ्या एका ठिकाणी अडत नाही.

बाई : मग?

सासरे : मग काय? माझा पोरगा अडखळतो, बाई. लहानपणापासून. घाबरला की त त प प. मागे आमच्या सलूनच्या पडद्याने पेट घेतला, तर याच्या तोंडून ‘आग’ निघेना. माझा हात धरून ओढत नेलं आणि बोट दाखवलं. तो या असल्या वेळी असं बोलेल?

बाई : अडखळतो? कोण?

सासरे : माझा मुलगा. दुसरा कोण?

बाई : हो. हो, कळलं.

सासरे : त्याला आधी दुकानात बसवून पाहिला मी. चांगला हात होता, कात्री हलकी चालायची. पण गिऱ्हाईक विचारणार, किती वेळ लागेल? याचं ‘दहा मिनिटं’ म्हणून होईपर्यंत त्याची दाढी उरकलेली असायची. सलूनमध्ये मुका माणूस चालत नाही. लोक निम्मे गप्पांनाच येतात. म्हणून हे जहाजाचं काढलं. म्हटलं, पाण्यावर काय बोलायचंय, माशांशी?

सून : बाई.

बाई : बोल.

सून : तुम्ही आत्ता ‘कोण’ असं का विचारलंत?

बाई : सहज. लक्ष नव्हतं माझं.

सून : तुमच्याकडे तो अडखळायचा नाही?

सासरे : असं कसं? जीभ काय पायताण आहे, बाहेर काढून आत जायला?

सून : मी बाईंना विचारतेय, बाबा.

बाई : हे बघ, मी पाणी आणते आधी.

सून : पाणी नको. एकदा तरी अडखळला होता का तुमच्यासमोर?

बाई : नाही.

सून : कधीच?

बाई : एकदाही नाही. तो अडखळतो हे मला आत्ता तुमच्याकडून कळतंय.

सासरे : तुम्हाला आठवत नसेल. बाई, शेकडो पोरं येऊन जातात तुमच्याकडे.

बाई : येतात. पण हा जिन्यातला मुलगा होता. माझ्याकडे दोन जुने रेडिओ आहेत. एक या टेबलावर, दुसरा बाहेर जिन्यात. दार लावून घ्यायचं. जिन्यातल्याने जहाजावरून बोलायचं, आतल्याने किनाऱ्यावरून. चेहरा दिसत नाही, नुसता आवाज. बाकीची मुलं जिन्यात जायला कंटाळायची. हा स्वतःहून जायचा. कुणाचीही पाळी असली तरी हाच.

सून : आणि आतून तुम्ही ऐकायचात.

बाई : मी ऐकायचे. आणि त्रास द्यायचे. बादलीवर पट्टी बडवायची, कुणालातरी त्याचा खांदा गदागदा हलवायला सांगायचं. समुद्रात कुणी शांतपणे बोलू देत नाही, म्हणून. बाकीच्यांचा आवाज चढायचा, आकडे मागेपुढे व्हायचे. याचं कधी काही हललं नाही.

सासरे : पण शिकण्याआधी? वर्गात शिरताना, उठता-बसता काहीतरी आपल्या भाषेत बोलला असेलच की.

बाई : या उंबऱ्याच्या आत आपली भाषा बोलायची नाही, हा नियम आहे माझा. पहिल्या दिवसापासून. त्याचं नाव घालायला आलात तेव्हा तुम्हीच बोललात. तो तुमच्या मागे उभा होता. मी म्हटलं, लाजरा आहे वाटतं. तुम्ही म्हणालात, हो.

सासरे : मग काय सांगायचं होतं? तोतरा आहे, रेडिओवर बोलायला शिकवा? घेतला असतात?

बाई : नसता घेतला.

सासरे : मग झालं तर.

सून : घरी त्याने कधी इंग्रजी बोलून दाखवलं नाही. मी म्हणायचे, दोन वाक्यं बोल ना, कळलं नाही तरी चालेल. नुसता हसायचा. जहाजावरून फोनसुद्धा करायचा नाही. लिहूनच पाठवायचा. मला वाटायचं, तिथेही असंच होत असेल. सगळ्यांसमोर अडत असेल, कुणी हसत असेल.

बाई : हसलं नाही कुणी. उंच त्याची नक्कल करायला बघायचा, पण नक्कल करण्यासारखं काही सापडायचं नाही.

सासरे : थांबा. उंचही तुमचाच विद्यार्थी. याच टेबलावर शिकला, हीच बादली ऐकली. तुम्ही सगळ्यांना एका साच्यातून काढलंय. मग हा उंच नाही कशावरून?

सून : बाबा, त्याच्या आईच्या घरीही आत्ता हेच चाललं असेल.

सासरे : त्यांचं त्यांना. मी माझ्या पोराचं बघतोय.

बाई : उंचला दम धरवत नाही. मजकूर संपला की लगेच पुन्हा सुरू. उत्तर ऐकायला बटण सोडावं लागतं, ते त्याच्याकडून होत नाही. ओरडून ओरडून माझा घसा बसायचा. हा माणूस दर वेळी बटण सोडतोय. मधली शांतता ऐकली ना तुम्ही? तो थांबलाय. समोरच्याला बोलायला पूर्ण वेळ देतोय. मग पुन्हा सुरुवातीपासून.

सून : त्याला वाट बघायची सवय आहे.

सासरे : म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला, बाई? स्पष्ट सांगा. आडवळण नको.

बाई : मी खोटं सांगू शकले असते. मघाशी तुम्ही बोलत होतात तेव्हा तोच विचार करत होते. पण ते लोक विचारतायत त्याला कारण असणार. कुणाला कुठे शोधायचं ते त्यावर ठरत असेल. हा तुमचा मुलगा आहे.

सासरे : तुम्ही त्याला ओळखत नाही. तुम्हाला तो अडखळतो हेही माहीत नव्हतं, आणि आवाज त्याचा म्हणता.

बाई : मला त्याचा हा एकच आवाज माहीत आहे.

सासरे : काय न्याय आहे बघ. पोटचा पोर. ‘बाबा’ म्हणायचं तर ‘ब’वर अर्धा दिवस. जेवायला बसला की मी याच्या आधी बोलून मोकळा व्हायचो, मीठ हवंय का, आमटी हवीय का, त्याला कष्ट नकोत म्हणून. आणि इथे जिन्यात उभा राहून हा साहेबासारखा बोलत होता.

सून : बाबा, बसा.

सासरे : बसलोच आहे. उभं कोण राहतंय.

बाई : पाणी घ्या.

सासरे : त्यात आमच्यासाठी काही बोललाय का? घरच्यांसाठी? तुम्ही भाषांतर करताना काही गाळलं तर नाही?

बाई : नाही हो. त्या मजकुरात घरच्यांसाठी जागाच नसते. जे शिकवलं तेवढंच तो बोललाय.

सासरे : जरा जागा ठेवायची होती, बाई.

बाई : हो.

सून : मी पुन्हा लावू?

बाई : लाव. पण तुम्हाला सोसेल का?

सासरे : लाव, लाव. मघाशी मी ऐकलंच कुठे? नाही नाही म्हणण्यातच गेलं. फोन इकडे दे. कानाशी धरतो.

सून : मलाही ऐकायचंय.

सासरे : मग इथे ये, माझ्या शेजारी. हं. हे काय म्हणाला?

बाई : जहाजाचं नाव.

सासरे : आणि हे?

बाई : आकडे. जागा सांगतोय.

सासरे : किती सरळ बोलतोय. बघ तरी. कुठे खाच नाही. पोरी, तू ऐकतेयस ना?

सून : ऐकतेय.

सासरे : आता थांबला.

बाई : उत्तराची वाट बघतोय.

सासरे : मिळालं का उत्तर?

बाई : या रेकॉर्डिंगमध्ये नाही. पण कुणीतरी ऐकलं, म्हणून तर तराफा सापडला.

सून : फोन वाजतोय. कंपनीचे साहेब आहेत. बाबा, द्या इकडे.

सासरे : काय सांगणार आहेस?

सून : हॅलो. हो, बोलतेय. हो, ऐकलं. दोघांनीही ऐकलं. त्याच्या बाईंकडेच आहोत, त्यांनीही ऐकलं. आवाज त्याचाच आहे. नाही, खात्री आहे. हो, माझ्या नावाने लिहा. उंचच्या आईला तुम्हीच कळवा. आत्ता लगेच कळवा, जेवणं व्हायची वाट बघू नका. बरं. काय? थांबा, पुन्हा सांगा. हो. हो, कळलं. ठेवते.

सासरे : शेवटी काय सांगितलं त्याने? चेहरा का असा झाला तुझा?

सून : जहाजावर दोन तराफे होते, बाबा. माणसं मिळाली ती पहिल्यातली.

सासरे : आणि दुसरा?

सून : कप्तानाच्या खोलीमागे बांधलेला असायचा. विमान सकाळपासून घिरट्या घालतंय. जहाजाची लाकडं दिसली, तेल दिसलं. तो तराफा दिसला नाही.

सासरे : दिसला नाही म्हणजे काय? या दोघांनी सोडला की जहाजाबरोबर खाली गेला?

सून : ते त्यांनाही माहीत नाही. दिसला नाही, एवढंच म्हणाले.