विषय अजून फार मोठा आहे

…नाही नाही, त्या खुर्चीत नाही, ती माझी. तुम्ही इकडे बसा, विद्यार्थ्यांच्या खुर्चीत — आणि असे मागे रेलू नका, तिचा एक पाय अधू आहे, गेल्या वर्षी एक प्रबंध हातात घेऊन एकजण इथेच आडवा झालाय. हं. आता सांगा, नाव? — अहो, हसताय काय, सगळ्यांना विचारते मी! घरी असाल तुम्ही माझे नवरे. इथे तुम्ही वेळ घेऊन आलेले संशोधक विद्यार्थी आणि मी समाजशास्त्राची ग्रंथपाल. ज्याला जो विषय सुचलाय तो धड करून द्यायचा, कुठे शोधायचं, कसं शोधायचं, काय वाचायचं आणि काय अजिबात वाचायचं नाही ते सांगायचं, हे माझं काम. अर्धा तास मिळतो. त्या अर्ध्या तासात मी बोलायचं आणि तुम्ही विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायचं. लग्नानंतर इतक्या वर्षांनी हा योग आलाय, मी तो वाया घालवणार नाहीये.

दाखवा तो कागद. चष्मा… डोक्यावरच आहे, माहितीय मला. ‘आधुनिक समाजातील कुटुंबसंस्था: एक अभ्यास.’ वा! अक्षर छान आहे. — नाही, विषय छान आहे असं नाही म्हटलं मी, अक्षर म्हटलं. अहो, हा विषय आहे की गोदाम? थांबा, टाकूनच दाखवते, इकडे पडद्याकडे बघा — कुटुंब… समाज… हं, आले. बघा किती लेख आले! खाली सरकवतेय, सरकवतेय, संपतायत का? हे वाचायला बसलात तर मीही पुरणार नाही तुम्हाला आणि जन्मही. तुम्ही आयुष्यभर पूल बांधलेत ना? समजा, कुणीतरी उठून तुमच्या ऑफिसात आलं आणि म्हणालं, ‘साहेब, पाण्यावर एक पूल बांधून द्या.’ तुम्ही काय विचाराल? कुठलं पाणी, इकडून कुठे जायचंय, वरून बैलगाड्या जाणार की ट्रक. मग तेच! कुठलं कुटुंब, कुठल्या काळातलं आणि त्याबद्दल तुम्हाला नेमकं काय कळून घ्यायचंय. शुक्रवारपर्यंत विषय नक्की झाला नाही तर प्रवेश रद्द, असं सांगितलंय ना तुमच्या मॅडमनी? करेल हो ती, फार कडक आहे. आपल्या लेकीच्या वयाची असली तरी कडक आहे. तिच्या वेळी ती तुम्ही बसलाय तिथेच बसून रडली होती, ‘मला विषयच सापडत नाही’ म्हणून, मीच रुमाल दिला होता — हे मी बोलले नाही. तुम्ही ऐकलं नाही. ठीक आहे?

आणि एक सांगू? पहिल्या फटक्यात खरा प्रश्न कुणीच विचारत नाही. इतकी वर्षं बघतेय, कुणीच नाही! एक मुलगा आला होता, ‘झोपेवरचे सगळे लेख हवेत’ म्हणाला. सगळे! म्हटलं बस, काय झालंय ते सांग. तर काय, खोलीतला दुसरा घोरतो. एक चांगला धिप्पाड माणूस आला, प्राण्यांची बुद्धी या विषयावर काय काय आहे विचारायला. मी अर्धं कपाट काढून दिलं त्याला आणि मग हळूच विचारलं, तर त्याच्या पोपटानं घर बदलल्यापासून बोलणं टाकलं होतं. डोळ्यांत पाणी आलं हो त्याच्या. तर सांगायचा मुद्दा, तुमच्या या कागदावरच्या ओळीवर माझा काडीचा विश्वास नाही. आत काहीतरी वेगळं आहे. ते मी आता काढते, तुम्ही फक्त हो-नाही म्हणा.

कुटुंब म्हणजे मुलंबाळं असलेलं? — नाही. मुलं मोठी होऊन आपापल्या घरी गेलेली. बरं, निम्मं गोदाम रिकामं झालं, बघितलंत? किती माणसं उरली घरात? — दोन. नवरा-बायको. वय? — साठीच्या आसपास. नवरा काय करतो? — निवृत्त. अस्सं. आणि बायको? — नोकरी करते. अस्सं! लिहून घेते हं मी, ‘पती निवृत्त, पत्नी नोकरीत.’ फार सुंदर अरुंद झालाय विषय, एवढा अरुंद की त्यात जेमतेम आपण दोघं मावतोय. आता प्रश्न काय तुमचा? — ‘पत्नीने नोकरी चालू ठेवल्याने घरावर होणारे परिणाम.’ हं. हं, हं. परिणाम कसले, चांगले की वाईट? — बघा, मान खाली गेली! म्हणजे निष्कर्ष आधीच खिशात आहे आणि पुरावा गोळा करायला माझ्याकडे आलात. अहो, ज्या प्रश्नाचं उत्तर उलटं येऊ शकत नाही तो प्रश्नच नव्हे, ती तक्रार. आणि तक्रारपेटी खाली आहे, जिन्याजवळ.

आणि घरावर परिणाम म्हणत असाल ना, तर त्या घराचं मी सांगते, घ्या लिहून. निवृत्त झाल्या आठवड्यात कुणी माझं स्वयंपाकघर नव्याने लावलं? सगळे डबे उंचीप्रमाणे! का, तर ‘दिसायला एका रेषेत दिसतात.’ मीठ कुठे, चहा कुठे, काही पत्ता नाही. ग्रंथपाल आहे हो मी, लाखभर पुस्तकांतून नेमकं पान काढून देते लोकांना आणि माझ्याच घरात मला साखर सापडत नाही. परवा चहात काय घातलं मी? — मीठ. आणि तुम्ही तो प्यायलात. एक शब्द न बोलता प्यायलात, ते मला जास्त लागलं. दिवसभर एकटे असता ना घरात… कळतं मला. डबे काही उगीच कुणी लावत नाही. मी दार उघडून आत आले की तुम्ही जे बोलायला सुरुवात करता ते ताट उचलेपर्यंत, त्यातही कळतं. मी कुठे काय म्हणतेय? आपलं ठरलंय ना, जूनमध्ये मी सुटले की नदीकाठच्या घरी जायचं, कायमचं — ठरलंय, मी कुठे नाही म्हणतेय, विषयाला फाटे फोडू नका. मी नाही, तुम्ही फोडताय. गप्प बसून फोडताय.

तर असं करू. ‘परिणाम’ हा शब्द काढून टाकू, त्याऐवजी नुसतं विचारू, अशा घरांमध्ये दिवस कसा वाटून घेतला जातो. कोण कुणाची वाट बघतं, किती वेळ बघतं आणि बघता बघता काय करतं. आवडलं? मला आवडलं! यावर वाचायला आहे, अगदी ढीग नाही पण आहे, मी शोधशब्द देते, ते एकेकटे टाकायचे नाहीत, जोडीने टाकायचे. आणि नमुना एका घराचा चालणार नाही, आधीच सांगते. आपल्या घराच्या वरच्या मजल्यावरची ती न्यायाधीश बाई आणि तिचा निवृत्त नवरा, तुमच्या ऑफिसातला तो निवृत्त मित्र आणि त्याची नोकरीवाली बायको, अशी दहा-पंधरा घरं गाठायची, लोकांकडे जायचं, बसायचं, ऐकायचं — हो, ऐकायचं, तुम्हाला जड जाईल. त्यात वर्ष जाईल, दुसरं लिहिण्यात. घाबरू नका, अडलंत की वर यायचं, तोवर मी आहेच की इथे, जूनचं आता दोन वर्षं पुढे —

…पुढे म्हणजे… शोधशब्द म्हणत होते मी. ‘निवृत्ती’ टाकायचं, त्याला जोडून ‘दिनक्रम’ — काय बघताय? काही नाही म्हटलं मी. जून काय, जून येतोच दरवर्षी. — बरं, ठीक आहे. बघू नका असं. सांगते. मुदतवाढ दिलीय मला त्यांनी, दोन वर्षांची. दिलीय म्हणजे विचारलं आणि मी हो म्हटलं. तिथल्या तिथे हो म्हटलं, खाली बसलेसुद्धा नाही. तुम्हाला विचारायला हवं होतं, माहितीय, सगळं माहितीय! रोज संध्याकाळी ठरवून यायचे की आज सांगायचं आणि तुम्ही त्या नदीकाठच्या घराचे फोटो काढून बसायचात. भिंतभर फळ्या ठोकल्यात तुम्ही माझ्या पुस्तकांसाठी. सगळ्यात वरची फळी माझा हात वर करून मापून घेतली होतीत, स्टूल लागू नये म्हणून. त्या फळ्या बघितल्या की माझी वाचाच बसायची. काय सांगू, मला यायचं नाहीये म्हणून? यायचंय हो. पण आत्ता नाही. मला इथे मजा येते अजून, फार मजा येते. आता ही नवी पोरं असले संदर्भ घेऊन येतात, काय सांगू तुम्हाला — यंत्राला विचारून आणलेले. लेखक खरा, मासिक खरं, साल खरं आणि लेख असा कुणी लिहिलेलाच नाही! आणि मला विचारतात, ‘मॅडम, तुमच्याकडे कसा नाही?’ त्यांना शेजारी बसवून, हळूहळू, जे खरंच कुणीतरी लिहिलंय तिथपर्यंत न्यायचं आणि मग ते सापडल्यावर त्यांचं तोंड बघायचं… ते सोडून मी नदीकडे बघत बसू? वर्षभर बसेन, मग मीही डबे लावायला घेईन. रागावलात ना? रागवा. इथेच रागवा, घरी नको.

काय? — नीट बोला, पुटपुटू नका. — माहीत आहे? काय माहीत आहे? मुदतवाढ… तुम्हाला माहीत होती? कुणी सांगितलं? — आमच्या साहेबांनी. अभिनंदनाला घरी फोन केला त्यांनी, मी दळणाला… नाही, मी कुठे होते कोण जाणे, आणि तो तुम्ही घेतलात. कधी? — प्रवेश घ्यायच्या आधी? आधी?! आणि इतके दिवस तुम्ही तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात? तुम्ही? ज्यांच्या पोटात दुधवाल्याचा निरोप टिकत नाही ते तुम्ही? थांबा, थांबा जरा. हा अभ्यासक्रम किती वर्षांचा आहे तुमचा? — दोन. आणि हजेरी रोजची. आणि वर्ग याच इमारतीत. म्हणजे दोन वर्षं मी इथे आणि तुम्ही… अहो, तुम्ही साठाव्या वर्षी परीक्षा देऊन कॉलेजात प्रवेश घेतलात तो काय माझ्याबरोबर डबा खायला?

आणि मग हा कागद कशाला? ‘कुटुंबसंस्था’ कशाला, ‘परिणाम’ कशाला, मान खाली घालणं कशाला? — मी आपणहून सांगावं म्हणून. अस्सं. रोज वाट बघितलीत आणि मी सांगेना, म्हणून रीतसर वेळ घेऊन, माझ्याच टेबलापुढे बसून, अर्धा तास त्याबद्दल चकार शब्द न काढता माझ्याकडून काढून घेतलंत. इतकी वर्षं मी लोकांच्या पोटातलं ओठांवर आणतेय आणि आज तुम्ही… आणि मी बावळटासारखी बोलतेय, बोलतेय! फळ्यांचं काय मग? — मुरू दे लाकूड, म्हणता. दोन वर्षांत चांगलं मुरेल. बरं. असू दे. नाही, रडत नाहीये, या खोलीत धूळ फार आहे. रुमाल नको, माझ्याकडे विद्यार्थ्यांसाठीचे आहेत.

वेळ संपली तुमची. ती बघा, काचेपलीकडे एक मुलगी कधीची उभी आहे, तिला विषय हवाय. — तुमचा? तुमचा विषय कुठे ठरलाय, तुम्हाला तो नकोच होता! शुक्रवारी त्या मॅडमपुढे काय ठेवणार ते तुमचं तुम्ही बघा. माझ्याकडे यायचं नाही, खालच्या मजल्यावर अर्थशास्त्राचे ग्रंथपाल आहेत, त्यांची वेळ घ्या. ग्रंथपालाने घरच्या माणसाला मदत करायची नाही असा नियम आहे. — नाही? कुठे लिहिलेला नाही? मग आत्ता केला मी. उठा. डबा एक वाजता खायचा, मी खाली येते. आणि दार ओढून घ्या जाताना.