कापसाचे चार वाटे

आमच्या धरणगावच्या नानाची तऱ्हा ऐका. सरकार, बियाण्याची कंपनी आणि परदेशातलं विद्यापीठ, तिघांनी भागीदारीत त्याच्या शेतात कापसाचा प्रयोग लावला. तीन वाण, प्रत्येकाच्या ओळी वेगळ्या.

नानानं मला विचारलं, "भागीदारी म्हंजे काय शे, आबा?"

"बटाई रे! पीक आलं की सारखे वाटे घालायचे."

तिघं पाहणीला आले, तर सगळा कापूस वेचून, एकत्र कालवून नानानं चौघांचे चार ढीग मांडलेले.

सरकारी साहेब ओरडले, "आता कुठलं वाण चांगलं ते कसं कळणार?"

विद्यापीठाचा गोरा साहेब चारही ढिगांकडे आळीपाळीनं बघू लागला.

नाना गोंधळून, स्वतःच्या ढिगाकडे बोट दाखवत माझ्या कानाशी आला, "आबा, मनाच ढीग मोठा शे का?"

आणि आपल्या ढिगातला ओंजळभर कापूस त्यानं गोऱ्याच्या ढिगावर टाकला.