न सापडलेलं टोक

सोमवार. चौकशी. कोणासाठी: मैत्रीण.

फोन: ...म्हणजे वेडी वगैरे नाही हं ती. कामावर जाते, घर सांभाळते, सगळं चोख.

काउंटर: इथे येणारे बहुतेक तसेच असतात. त्यांना त्रास काय होतो?

फोन: ती लहान मुलांचे कपडे शिवायच्या कारखान्यात आहे. तपासणीला. तिथे मशीनवर सुई तुटली की सगळे तुकडे शोधून वहीत चिकटपट्टीनं लावायचे. तुकडे जुळून सुई पुरी झाली की मगच पुढची शिलाई. तर एकदा टोक सापडलंच नाही. एवढंसं, तिळाएवढं.

काउंटर: मग?

फोन: मग त्या दिवसाचा सगळा माल यंत्राखालून काढला. कपड्यात लोखंड असलं की ते यंत्र ओरडतं. ओरडलं नाही. सुपरवायझर म्हणाले, केरात गेलं असेल, खोकी भरा. भरली. सात महिने झाले त्याला. नाही, साडेसात. तीनशे बारा फ्रॉक होते, पिवळे, पाठीला दोन बटणं.

काउंटर: आणि तुमची मैत्रीण अजून ते टोक शोधतेय.

फोन: तुम्हाला कसं कळलं?

काउंटर: बटणांवरून. गुरुवारी अकराला समुपदेशक मॅडमकडे जागा आहे. मैत्रिणीचं वय काय?

फोन: विचारून सांगते.

मंगळवार. चौकशी. कोणासाठी: जाऊ.

फोन: माझ्या जावेसाठी विचारायचं होतं. ती कपड्यांच्या कारखान्यात...

काउंटर: तपासणीला आहे. वय विचारलंत का?

फोन: चौतीस.

काउंटर: बरं. गुरुवार अकरा, लिहून ठेवलंय.

फोन: एक विचारू? तिथे गोळ्या देतात का? तिचा नवरा म्हणतो, गोळ्यांनी माणूस मठ्ठ होतो. सासूबाई म्हणतात, आम्ही चार पोरं वाढवली, आम्हाला घाबरायला वेळ कुठे होता.

काउंटर: गोळ्या मॅडम देत नाहीत. लागल्याच तर दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवतात. इथे पन्नास मिनिटं बसून बोलायचं, एवढंच.

फोन: पन्नास मिनिटं एका टोकावर?

काउंटर: साडेसात महिने चाललंच आहे की.

फोन: कार्डावर काय लिहिणार तुम्ही?

काउंटर: चार चौकोन असतात. झोप, चिंता, कुटुंब, इतर. मी चिंतेवर खूण केलीय.

फोन: चिंता नाही हो ती. काळजी आहे.

काउंटर: एकच की.

फोन: एकच कसं? चिंता आपोआप लागते. काळजी आपण घेतो. ती काळजी घेते म्हणून तर तिला तपासणीला बसवलं, नाहीतर तिच्याबरोबरच्या अजून धागे कापतायत. तुमच्या मॅडमनी ती काळजीच काढून टाकली आणि उद्या खरंच एखादं टोक निसटलं तर? कोणाच्या तरी लेकराच्या काखेत टोचेल. तेव्हा कोण येणार, मॅडम?

काउंटर: मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणायची माझी आई.

फोन: वैऱ्याला शिवणीतलं काय कळतंय.

काउंटर: अहो बाई, मी काउंटरला बसते. आत काय काढतात, काय ठेवतात, मला माहीत नाही. 'इतर'वर खूण करते आणि शेजारी 'काळजी' लिहिते. चालेल?

फोन: पेन्सिलनं लिहा.

गुरुवार, अकरा वीस. कोणासाठी: कोरं.

काउंटर: तुमच्या जावेची वेळ अकराची होती.

फोन: तिला नाही जमलं. काल कारखान्यात गोंधळ झाला. माल न्यायला गाडी खाली उभी होती आणि तिनं टेप लावलेली खोकी फोडली. चौदा. सगळे कपडे बाहेर काढून एकेक तपासायला बसली. सुपरवायझर ओरडले नाहीत, तेच वाईट वाटलं. म्हणाले, पहिल्या तारखेपासून तू धागे काप.

काउंटर: म्हणून आज आल्या नाहीत?

फोन: आले होते ना. तुमच्या खालीच आहे, चष्म्याच्या दुकानात. अर्धा तास फ्रेमी बघतेय. दुकानदार म्हणाला, डोळे तपासून घ्या. म्हटलं, डोळे चांगले आहेत, तेच तर दुखणं आहे.

काउंटर: वर या. जिना डाव्या हाताला आहे. अजून अर्धा तास आहे तुमचा.

फोन: आज नको. पण फोन ठेवू नका. खोक्यांचं राहू दे, धागे कापीन मी. मुलगी आहे मला, सात वर्षांची. शाळेचा ड्रेस घालायच्या आधी मी तो उलटा करून शिवणींवरून हात फिरवते. दोनदा. कधी चारदा. बस चुकते तिची. आज सकाळी मी अंघोळीला गेले होते. बाहेर आले तर तिनं ड्रेस उलटा करून पलंगावर पसरला होता आणि स्वतःच हात फिरवत होती. डोळे मिटून.

काउंटर: डोळे मिटून?

फोन: मी मिटते. बोटांना नीट कळावं म्हणून. मी तिला शिकवलं नाही हो हे. ऐकताय ना?

काउंटर: ऐकतेय. सोमवारी चारला जागा आहे. कोणासाठी लिहू?

फोन: माझ्यासाठी लिहा. ताई, तिला काही होणार नाही ना?

काउंटर: काही होत नाही. लहान आहे, विसरेल.

फोन: नक्की ना?

काउंटर: नक्की.

फोन: अजून एकदा म्हणा.

काउंटर: काही होणार नाही.

सोमवार, चार. आली. पाच मिनिटं आधी.

बुधवार.

फोन: मॅडमना मी डावीकडचं मशीन सांगितलं. टोक उजवीकडच्या मशीनचं होतं. तेवढं सांगाल?

काउंटर: सांगते.

बुधवार, सहा मिनिटांनी.

फोन: सांगितलंत?

काउंटर: सांगितलं हो.

शुक्रवार.

फोन: आज दोनदाच हात फिरवला. काही होणार नाही ना?

काउंटर: नाही हो.

शनिवार. तीन फोन. तिन्हींना तेच उत्तर. पुढच्या आठवड्यात अकरा फोन. नोंदी बंद केल्या.

सोमवार, पाच.

(फोन नाही. ती आतून बाहेर आली आहे आणि काउंटरसमोर उभी आहे.)

ती: तुमच्याकडे काम आहे.

काउंटर: पुढची वेळ ना? सोमवार चार लिहिलीय.

ती: ते नाही. मॅडमनी घरचा अभ्यास दिलाय. 'काही होणार नाही ना' असं मी कोणाला विचारलं तर त्यानं उत्तर द्यायचं नाही. आणि ते ज्याचं त्याला मीच सांगायचं.

काउंटर: नवऱ्याला सांगणार?

ती: मागच्याच आठवड्यात सांगितलं. तो म्हणाला, हे तर मी लग्नापासून करतोय.

काउंटर: आणि सासूबाई?

ती: म्हणाल्या, विचारलेल्याचं उत्तर देऊ नका म्हणणारी ही कसली डॉक्टरीण. पण देत नाहीत. तोंडात पदर धरतात आणि मान फिरवतात. आता राहिलात तुम्ही.

काउंटर: मी?

ती: मॅडम म्हणाल्या, दिवसभरात कोणाकोणाला विचारता, यादी करा. यादीत तुम्ही सगळ्यात वर निघालात.

काउंटर: मला वाटत होतं, माझा उपयोग होतोय.

ती: होत होता ना. तुम्ही म्हणालात की इतकं बरं वाटायचं. फोन खाली ठेवेपर्यंत. मग तुम्ही मनापासून म्हणालात की उगाच, ते शोधायला लागायचे.

काउंटर: मनापासूनच म्हणत होते.

ती: म्हणून तर परत परत फोन करत होते.

काउंटर: मॅडमना ते टोक कुठे गेलं असं वाटतं?

ती: त्या म्हणतात, ते सापडायचं नाही असं धरून चाला. सापडलं नाही तरी मुलीला वेळेवर शाळेत पाठवायचं. मी म्हटलं, आणि काळजी? तर म्हणाल्या, कारखान्यात एकदा तपासा, नियम आहे तसं. दुसऱ्यांदा हात गेला की तो कपड्यासाठी जात नाही.

काउंटर: मग फोन आला की मी करू काय? ठेवून देऊ?

ती: ठेवायचा नाही. माणूस असू दे, उत्तर नको, असं म्हणाल्यात. जमेल ना तुम्हाला?

काउंटर: याचं उत्तर द्यायचं की नाही?

ती: याचं द्या.

काउंटर: जमवते.

मंगळवार, सकाळी आठ दहा.

फोन: मी बोलतेय.

काउंटर: बोला.

फोन: ड्रेस घडीतून काढला आणि तसाच दिला. उलटा नाही केला. ती विचारत होती, तू बघितलास का. म्हटलं, नाही. तिनं थोडा वेळ माझ्याकडे बघितलं. मग हात वर केले, आणि मी घातला.

काउंटर: हं.

फोन: आता बसपाशी उभे आहोत. चढली. खिडकीची जागा मिळाली तिला. ताई, काही होणार नाही ना?

काउंटर: ...

फोन: ताई?

काउंटर: आहे मी.

फोन: सवयीनं विचारलं. नाही, सवयीनं नाही. हवंय मला उत्तर.

काउंटर: ...

फोन: एकदाच म्हणा. मॅडमना नाही सांगणार.

काउंटर: ...

फोन: बस निघाली. मागे धावले तर गाठता येईल अजून, चौकात थांबते ती.

काउंटर: ...

फोन: हाताला घाम सुटलाय. मॅडम म्हणाल्या होत्या, हे चढतं आणि आपोआप उतरतं. चढतंय खरं.

काउंटर: हं.

फोन: वळली. आता दिसत नाही.

काउंटर: ...

फोन: तुम्ही रडताय का?

काउंटर: बोलायचं नाही म्हटलं की जड जातं मला.

फोन: मला अजून थोडा वेळ लागेल. इथे कठड्यावर बसते. तुमच्याकडे दुसऱ्या फोनची घंटा वाजतेय, मला ऐकू येतेय.

काउंटर: वाजू दे.